दर्शनी खिडकीतली डुलकी

गाद्यांच्या त्या दुकानात माल विकायची एक ठरलेली पद्धत होती, आणि ती पद्धत म्हणजे डुलकीमास्तर. गिऱ्हाईक आलं की बाकीचे विक्रेते स्प्रिंगा, फोम, मणक्याचे आजार असलं काहीबाही बोलत बसायचे. मास्तर बोलत नसत. ते बूट काढायचे, मोजे वर ओढायचे, गिऱ्हाइकानं बोट दाखवलेल्या गादीवर आडवे व्हायचे आणि फक्त "अशी बघा" म्हणायचे. शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत त्यांचा डोळा लागलेला असायचा. त्यात सोंग नव्हतं. झोप अस्सल होती. पाठोपाठ घोरणं सुरू व्हायचं, तेही असं, की कोपऱ्यातल्या कपाटाची काच थरथरायची.

गिऱ्हाईक नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे. एरवी घरात कशावर एकमत होत नसलेली माणसं इथे मात्र एका सुरात म्हणायची, "हीच द्या." मग गादी बांधायला घेताना कुणीतरी मास्तरांना हलवून उठवायचं, कारण ते अजून तिच्यावरच असायचे.

मास्तर ही पदवी मालकांनी दिलेली. त्यांचं खरं नाव काय, हे नव्या विक्रेत्यांना माहीतही नव्हतं. स्वतः मास्तर या प्रकाराला कला म्हणत. ही कला त्यांना केस कापून घेताना यायची, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत यायची, चहाचा कप ओठाला लावलेला असताना यायची. मेहुणीच्या लग्नातल्या फोटोत सगळं खानदान दात काढून हसतंय आणि मधोमध मास्तर मान टाकून बसलेत. कलावंताला वेळकाळ नसतो, असं ते फोटो बघणाऱ्याला समजावून सांगत.

या कलेची दुसरी बाजू त्यांच्या बायकोला ठाऊक होती. ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. तिचे स्वतःचे डोळे कायम लाल. गिऱ्हाइकांना वाटायचं, फार बारीक काम असेल. काम बारीक नव्हतं, नवरा मोठ्या आवाजाचा होता. पण गंमत अशी, की त्याच्या घोरण्यानं ती जागी होत नसे. त्या आवाजाला ती लग्नानंतर लवकरच सरावली होती. ती जागी व्हायची आवाज बंद पडल्यावर. घोरता घोरता मास्तर मध्येच थांबायचे, चढावर गाडी बंद पडावी तसे. खोलीत काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. त्या शांततेनं ती खाडकन जागी व्हायची, कान लावायची, आणि मग उजवं कोपर मास्तरांच्या बरगडीत हाणायची. मास्तर आचका द्यायचे, फुरफुरायचे आणि गाडी पुन्हा चालू. थोड्या वेळानं पुन्हा तेच. असं रात्रभर, असं वर्षानुवर्षं.

सकाळी मास्तर बरगडी चोळत म्हणायचे, "ही गादी काही बरोबर नाही बघ. बदलायला हवी."

एके दिवशी मात्र बायको कामावर झोपली. एक आजोबा समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचत होते. मोठी वाचली, मधली वाचली, बारीक वाचली, अगदी खालची छापखान्याच्या नावाची ओळसुद्धा वाचून झाली, तरी पुढे काय ते बाई सांगेनात. आजोबांनी डोळ्यांवरची तपासणीची चौकट काढून पाहिलं तर बाई स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेल्या. चष्मेवाल्यानं तिला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, की पुन्हा असं झालं तर घरीच झोपा. ती घरी आली, मास्तरांना सोफ्यावरून उठवलं आणि म्हणाली, "उद्या डॉक्टर."

"कुणाला काय झालंय?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला. आणि तुमच्यामुळे मला."

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं आणि नंतर दोघांना समोर बसवून साध्या शब्दांत सांगितलं. झोपेत मास्तरांचा घसा सैल पडतो, श्वासाची वाट बंद होते, श्वास थांबतो. मग मेंदू घाबरून त्यांना झोपेतून ओढून काढतो. असं रात्रभर चालतं. म्हणजे रात्रभर गादीवर पडून मास्तर झोपत नाहीतच, आणि म्हणून दिवसा दिसेल तिथे त्यांचा डोळा लागतो.

"हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "आणि लहानसहान नाही. हृदयावर येतो, डोक्यात जातो. एखाद्या रात्री माणूस उठतच नाही."

"आजार कसा?" मास्तर दुखावले. "मला याबद्दल दुकानात ढाल मिळालीय."

डॉक्टरीणबाईंनी ढालीची चौकशी केली नाही. त्यांनी विचारलं, "आजवर तुम्हाला उठवत कोण होतं?" बायकोनं उजवं कोपर टेबलावर ठेवलं. बाईंनी त्या कोपराकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "याला आता सुट्टी द्या."

अशा रीतीनं यंत्र घरी आलं. उशाशी ठेवायची एक डबी, तिच्यातून निघालेली लवचीक नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसायचा मास्क आणि तो मास्क डोक्याला आवळून ठेवायचे पट्टे. डबी रात्रभर नाकात हवा ढकलते, त्या हवेनं घशाची वाट उघडी राहते, माणूस श्वास घेत राहतो. ऐकायला सोपं. करायला गेल्यावर मास्तरांच्या नाकी नऊ आले. एक पट्टा कानावरून जायचा तो त्यांनी गळ्यात घातला. यंत्र चालू केलं तर हवा नाकातून आत जाऊन तोंडातून बाहेर आली आणि गाल फुगे झाले. तोंड मिटून ठेवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पण बोलल्याशिवाय राहतील तर ते मास्तर कसले. त्यांनी तोंड उघडून "अगं" म्हटलं आणि त्या 'अगं'चं असं काही वादळ झालं, की बायको पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

सगळ्यात वाईट म्हणजे खाज. मास्क चढवून, पट्टे आवळून, पांघरूण घेऊन माणूस आडवा झाला, की नेमकी मास्कच्या आत, नाकाच्या शेंड्यावर खाज सुटायची. मास्क उचलून खाजवावं तर हवा फुसफुसत डोळ्यांत जायची. न खाजवावं तर जीव जायची पाळी. मास्तर रात्रीतून कितीदा तरी मास्क उचलत, खाजवत आणि त्या डबीला, डॉक्टरीणबाईंना, गादीला आणि शेवटी बायकोला शिव्या घालत. सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ. दुकानातल्या बिल करणाऱ्या मुलीनं काळजीनं विचारलं, "मास्तर, घरी सगळं ठीक आहे ना?"

पण सवय कशाचीही होते. हळूहळू मास्तर त्या मास्कमध्ये झोपू लागले. यंत्राचा आवाज असा फार नव्हता, एक मऊ, सारखी सूंसूं. बायको त्या आवाजाकडे पाठ करून झोपली आणि सकाळी घड्याळानं उठवलं तेव्हा दचकली. "मी झोपले होते?" असं तिनं मास्तरांनाच विचारलं. आठवडाभरात तिच्या डोळ्यांतली लाली गेली. चष्मेवाल्यानं विचारलं, डोळ्यांत कसलं औषध घालता?

मास्तरांनाही फरक पडला, नाही असं नाही. ते पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू लागले. घरातले पडदे निळे आहेत, हे त्यांना नव्यानं कळलं. जिना चढताना धाप लागेना. आणि असे ताजेतवाने, उत्साहानं भरलेले मास्तर दुकानात गेले, बूट काढले, मोजे वर ओढले, गादीवर आडवे झाले, "अशी बघा" म्हणाले आणि टक्क जागे राहिले.

त्यांना काय करावं कळेना. इतकी वर्षं या दुकानात काढून त्यांनी छत पाहिलं नव्हतं. छताला ओल आली होती. गिऱ्हाईक बाई वाट बघत उभी होती. मास्तरांनी डोळे गच्च मिटले आणि घोरण्याचा आवाज काढला. पण स्वतःचं घोरणं ऐकलंय कुणी? ते घोरणं गंजलेल्या कुलपासारखं वाजलं. बाई नवऱ्याला म्हणाली, "चला. हा माणूस नाटक करतोय." असं त्या दिवशी झालं, दुसऱ्या दिवशी झालं, मग रोजच होऊ लागलं.

मालकांनी त्यांना आत बोलावलं. "मास्तर, तब्येत बरी नाही का?"

"चांगली आहे की."

"तेच म्हणतोय. चेहऱ्यावर तरतरी दिसतेय तुमच्या. डोळ्यांखालची वर्तुळं गेली. काय झालंय काय? घरी काही अडचण?" मालकांना खरोखरच काळजी वाटत होती. दुकानाचा वरचा नवा मजला उघडायचा होता. तिथे रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच बसवली होती, काचेमागे उंच चौथरा, चौथऱ्यावर सगळ्यात भारी गादी, आणि त्या गादीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या जगाला दिसतील असे, झोपलेले मास्तर. त्या मजल्याचा कारभारही त्यांच्याच हाती द्यायचं ठरलं होतं. "तुमच्या झोपेच्या भरवशावर एवढी काच लावलीय," मालक म्हणाले. "उद्घाटनाला डोळे टक्क उघडे ठेवून पडलात तर लोक हसतील, मास्तर. नसेल जमत तर आत्ताच सांगा. दुसऱ्या कुणाचं बघतो."

दुसरा कुणी त्या काचेमागे झोपलेला मास्तरांच्या डोळ्यांसमोर आला. आयुष्यात एकच गोष्ट त्यांना लोकांपेक्षा चांगली येत होती, आणि ती एका डबीनं नाकातून काढून घेतली होती. मास्तरांनी यंत्राच्या नावानं पाणी सोडलं.

पण सोडायचं कसं? मास्क काढला की घोरणं सुरू होणार आणि बायकोला कळणार. यंत्र बंद केलं की सूंसूं थांबणार आणि बायको उठणार. मास्तर विचार करत गोदामात गेले आणि तिथे त्यांना उत्तर सापडलं. मानेच्या उश्या मांडून दाखवायला दुकानात एक थर्माकोलचं डोकं होतं. गुळगुळीत, टक्कल असलेलं, डोळे मिटलेलं, नाक तर मास्तरांपेक्षा सरळ. मास्तरांनी ते पिशवीत घातलं आणि घरी आणलं.

आता त्यांचा रोजचा कार्यक्रम असा. यंत्र लावून बायकोशेजारी निमूट पडायचं. ती झोपली की हळूच उठायचं, मास्क थर्माकोलच्या नाकावर चढवायचा, पट्टे आवळायचे, डोकं उशीवर ठेवायचं, खाली दोन लोड लावून वर पांघरूण घालायचं. मग आपण बाहेरच्या खोलीत जायचं, दार घट्ट लावायचं आणि सोफ्यावर मनसोक्त घोरायचं. पहिल्या रात्री सोफ्यावर पडल्यावर त्यांचा हात आपोआप बरगडीवर गेला. इथे कोपर मारायला कुणी नाही, असा एक विचार मनात आला. भीतीही वाटली. पण तेवढ्यात झोप लागली. पहाटे मोबाइल उशीखाली थरथरला की उठायचं, डोकं गरम कपड्यांच्या बॅगेत लपवायचं आणि चहा करायचा. चहा हातात आयता मिळतोय म्हटल्यावर बायको शंका कशाला घेईल?

दिवसा मास्तर पुन्हा पेंगू लागले. केस कापताना पेंगले, पेपरवर पेंगले, आणि गादीवर पडले तर असे डाराडूर, की गिऱ्हाइकांची रांग लागली. काचेमागच्या चौथऱ्यावर रंगीत तालीम झाली तेव्हा रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून बघत राहिले. मालकांचे डोळे भरून आले. "बरे झालात," ते म्हणाले.

इकडे बायको चहा पिता पिता कौतुक करायची. "हल्ली तुम्ही किती शांत झोपता हो. लाथ मारत नाही, पांघरूण ओढत नाही. कूस म्हणून बदलत नाही." मास्तरांना हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना त्या थर्माकोलचा हेवा वाटला. जरासा राग आला.

आता हे यंत्र आत जाणाऱ्या हवेबरोबर बाहेर येणारा श्वासही मोजतं आणि रोजचा हिशेब आपला आपण दवाखान्यात पाठवतं, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मास्तरांना ते माहीत नव्हतं, कारण सांगितलं तेव्हा ते झोपले होते. म्हणून दवाखान्यातून दोघांना तातडीनं बोलावणं आलं तेव्हा शाबासकी मिळणार, अशा समजुतीनं मास्तर नवा शर्ट घालून गेले.

डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "मास्क उत्तम बसलाय," त्या म्हणाल्या. "हवा कुठूनही गळत नाही. रोज रात्रभर वापरताय. माझ्या एकाही पेशंटचं इतकं चांगलं नाही."

मास्तरांनी बायकोकडे अभिमानानं पाहिलं.

"फक्त सुरुवातीचा थोडा वेळ सोडला, तर यात श्वास नाही," बाई म्हणाल्या. "एकही नाही. यंत्राच्या मते तुम्ही मागच्या मंगळवारी रात्री वारलात आणि तेव्हापासून रोज वारताय."

"माझा श्वास पहिल्यापासून मंदच," मास्तर म्हणाले. बाई पुढे काहीतरी समजावू लागल्या, खोली थंड होती, खुर्ची मऊ होती, आणि व्हायचं तेच झालं. मास्तरांची मान छातीवर पडली. घोरणं सुरू झालं, चढलं, आणि मध्येच थांबलं. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत उठू लागल्या, पण त्यांच्या आधी बायकोचं कोपर पोहोचलं होतं. सुट्टीवरचं कोपर, पण नेम चुकला नाही. मास्तर आचका देऊन जागे झाले. दोन्ही बायका त्यांच्याकडे बघत होत्या. थाप मारायला जागा उरली नव्हती.

"मग माझ्या शेजारी कोण होतं?" बायकोनं विचारलं.

"दुकानातलं डोकं," मास्तर म्हणाले. "थर्माकोलचं."

"आणि तुम्ही?"

"बाहेर. सोफ्यावर."

"दार?"

"लावून."

ती पर्स उचलून उभी राहिली. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "रोज सकाळी उठलात, हे नशीब समजा." दवाखान्याच्या जिन्यावर मास्तरांनी काचेच्या खिडकीबद्दल, नव्या मजल्याबद्दल, कलेबद्दल बरंच सांगितलं. ती पुढे चालत राहिली.

त्या रात्री मास्तरांनी मुकाट्यानं मास्क चढवला. बायकोनं गादीवर अंग टाकलं नाही. तिनं दिवा तसाच ठेवला, खुर्ची ओढली आणि त्यांच्या पायाशी बसली. मास्तरांना चांगली झोप लागली, यंत्रानं आपलं काम केलं. फक्त मधून मधून कुणीतरी पायाचा अंगठा चिमटीत धरून दाबत होतं. सकाळी ते उठले तेव्हा ती खुर्चीतच होती, डोळे पूर्वीसारखे लाल.

"झोपली नाहीस?"

"कशी झोपणार?" ती म्हणाली. "तो आवाज चालू आहे म्हणजे तुम्ही चालू आहात, असं मी धरून चालले होते. आता तो आवाज ऐकला की मला उठून बघावंसं वाटतं, आत माणूस आहे की थर्माकोल. तुम्ही माझी झोप घेतलीत ती घेतलीतच, पण एकदा परत देऊन पुन्हा घेतलीत. आधी तरी मला ठाऊक नव्हतं, झोप म्हणजे काय ते."

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना उशीर होत होता. त्याच दिवशी उद्घाटन होतं.

नव्या मजल्यावर दिवे लागले होते. काचेपलीकडे रस्त्यावर गर्दी जमली होती. मालकांनी छोटंसं भाषण केलं, पडदा सरकवला, आणि मास्तर चौथऱ्यावर चढून आडवे झाले. एका रात्रीच्या चांगल्या झोपेनं घात केला होता. डोळे मिटेनात. मिटले तर पापण्या फडफडू लागल्या. नाकाला खाज सुटली, आणि मास्क नसूनही ती त्यांना खाजवता येईना, कारण सगळं जग बघत होतं. शेवटी त्यांनी खाजवलंच. काचेपलीकडे कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

तेवढ्यात बायको जिना चढून आली. हातात पिशवी. तिनं पिशवीतून थर्माकोलचं डोकं काढलं आणि सरळ मालकांच्या हातात दिलं. "हे तुमचं. यांनी घरी आणलं होतं. आमच्याकडे नवऱ्याच्या जागेवर होतं, तुमच्याकडे कशाच्या जागेवर असतं ते ठाऊक नाही."

मालक डोक्याकडे बघत राहिले. मास्तर धडपडत चौथऱ्याच्या कडेला आले. "अगं, आत्ता नको. सगळे बघताहेत. बस जरा, बस." आणि तिला दंडाला धरून त्यांनी गादीवर बसवलं, म्हणजे निदान काचेबाहेरून भांडण दिसू नये. ती बसली. बसल्यावर कलंडली. पायात चपला तशाच, पर्स खांद्याला तशीच. "तुम्हाला मी सांगते," एवढं म्हणाली आणि झोपली.

काचेपलीकडचं हसू थांबलं. असं झोपलेलं माणूस रोज बघायला मिळत नाही. तोंड किंचित उघडं, एक हात पोटाखाली गेलेला, कपाळावरची आठी हळूहळू सुटत चाललेली. बघणाऱ्या बायका पुढे सरकल्या. एकीनं आपल्या नवऱ्याला काचेपाशी ओढलं आणि काहीतरी बोलली. लोक जिन्याकडे वळू लागले. मालकांनी डोकं काखोटीला मारलं आणि मास्तरांच्या कानाशी आले. "उठवू नका. अजिबात उठवू नका. तुमच्या वरताण आहेत वहिनी. तो दिवा जरा इकडे वळवा. आणि उद्यापासून रोज येतील का विचारा."

मास्तर दिव्याकडे गेले. त्यांचा हात दिव्यावर होता, आणि त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला झोपलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पाहणार कसे? दिवसा ते झोपलेले, रात्री ती जागी, आणि झोपली तेव्हाही अंधारात, पाठ करून. ती ही अशी दिसते. रस्त्यावरच्या लोकांनी ते आधी पाहिलं होतं, मास्तर आता बघत होते. मास्तरांना फार लाज वाटली. उशिरा वाटली, पण वाटली.

त्यांनी दिवा बंद केला आणि काचेवरचा पडदा ओढला.

"मास्तर," मालक म्हणाले, "पडदा उघडा. गिऱ्हाईक वर येतंय."

"हळू बोला."

"हा मजला मी दुसऱ्याला देईन."

"द्या," मास्तर म्हणाले. "पण हळू."

मालकांनी मजला खरंच दुसऱ्याला दिला, तिथल्या तिथे, जिन्यावरच. आलेल्या गिऱ्हाइकांना खालच्या मजल्यावर पिटाळण्यात आलं. मास्तर चौथऱ्याशी स्टूल घेऊन बसले. बायको घोरत नव्हती. तिचा श्वास इतका हलका होता, की मध्येच ऐकूच येईना. मास्तर दचकून उठले, वाकले, कान तिच्या नाकाशी नेला. येत होता. ते बसले. थोड्या वेळानं पुन्हा ऐकू येईना, पुन्हा उठले. असं कितीदा झालं कुणास ठाऊक. कोपर त्यांनी उचललं नाही, पण ते कशासाठी उचललं जातं ते त्यांना कळलं. एका दुपारीत त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

दुकान बंद व्हायच्या वेळेला ती उठली. अंधारात इकडे तिकडे बघितलं. "कुठे आहे मी?"

"कामावर," मास्तर म्हणाले. "माझ्या."

"गादी बरी आहे," ती म्हणाली आणि चपला चाचपू लागली. त्या पायातच होत्या. मग तिला सगळं आठवलं आणि चेहरा पुन्हा सकाळचा झाला. "आज रात्री माझ्या शेजारी कोण झोपणार आहे, ते इथेच सांगा. नसेल तुमच्यानं होत, तर ते डोकं परत घेऊन येते मालकांकडून. पांघरूण तरी ओढत नाही."

"मी झोपणार आहे."

"मला कसं कळणार, तुम्हीच आहात ते? आवाजावर माझा विश्वास नाही."

उत्तर तिलाच सुचलं, पण घरी गेल्यावर.

रात्री मास्तरांनी मास्क चढवला, पट्टे आवळले, यंत्र चालू केलं. बायकोनं दिवा मालवला, त्यांच्याकडे पाठ केली आणि एक हात मागे पसरला. "मनगट द्या," ती म्हणाली. "थर्माकोलला मनगट नसतं." मास्तरांनी मनगट दिलं. तिनं ते पकडलं, पोलीस चोराचं पकडतात तसं, नखं रुतवून. हळूहळू तिचा श्वास संथ झाला, पण पकड ढिली झाली नाही. आणि मग, रोजच्याप्रमाणे, मास्कच्या आत, नाकाच्या अगदी शेंड्यावर, मास्तरांना खाज सुटली. दुसरा हात अंगाखाली अडकला होता. तो काढायचा तर कूस बदलावी लागली असती, आणि मनगट तिच्या हातातून सुटलं असतं.

त्यांनी खाज तशीच राहू दिली.